आजीच्या फोनची हजेरी

२६ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा लेकाच्या घरी. गाडीत बारा तास बसून पाठीचा काटा ढिला झाला, पण मन हलकं आहे. चौथा मजला, लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये मी डोळे मिटून घेतो हे लेकाने पाहिलं आणि हसला. पुष्कळ दिवसांनी त्याला हसताना पाहिलं. सुनेने दारातच हातातली पिशवी घेतली. नात सोळा वर्षांची झाली, माझ्याहून उंच. म्हणाली, आजोबा, तुम्ही आटलात. म्हटलं, धुऊन धुऊन कापड आटतंच.

खोली चांगली आहे. पलंग, कपाट, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. हीच खोली हिची होती. ही म्हणजे माझी बायको. गुडघ्यांच्या औषधपाण्यासाठी लेकाकडे आली, दीड वर्ष राहिली आणि गेल्या मार्चमध्ये इथेच गेली. मी तेव्हा आमच्या जुन्या घरीच होतो. मुलाच्या दारात जाऊन पडायचं नाही, हा माझा हट्ट. आता एकट्याने काही होईना, तेव्हा हट्ट गुंडाळून आलो.

ती गेली तेव्हा लेकाने सांगितलेलं मला तोंडपाठ आहे. सकाळी साडेआठला गेली. आम्ही तिघंही जवळ होतो. सुनेच्या हातून दोन घोट पाणी प्यायली आणि डोळे मिटले. वर्षभर मी त्या दोन घोटांवर तगलो आहे.

गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आलो. सून म्हणाली, बाबा, मी बघितलाय. तरी तिसऱ्यांदा पाहिला.

२८ फेब्रुवारी

माझ्या फोनातल्या जुन्या कार्डाला इथे रेंज मिळत नाही. लेक म्हणाला, नवं आणू सवडीने, तोवर घरातल्या वायफायवर चालवा. घरात आहात तोवर बोलता येतं, बाहेर पडलात की नाही. सून म्हणाली, आईंचाही असाच चालायचा, कधी अडलं नाही.

नातीने फोन जोडून दिला आणि एक गंमत दाखवली. हॉलमध्ये टीव्हीमागे वायफायची डबी आहे. तिला जे जे फोन जोडले त्यांची यादी एका जुन्या टॅबवर दिसते. घरात असलेल्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, बाहेर गेलेल्याच्या पुढे करडा. नातीनेच सगळ्यांना नावं दिली आहेत. बाबा, आई, मी, टीव्ही, आणि आता आजोबा.

मला तर घबाडच मिळालं. एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होतो. सातवी नापास, पण अक्षर बरं म्हणून साहेबाने हजेरीवर बसवलं. कोण कितीला आत आलं, कितीला बाहेर गेलं, एवढंच काम. माणूस खोटं बोलेल, नोंद बोलत नाही, हे मी हजार कामगारांना ऐकवलं असेल. खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवायची सवय तेव्हाची, अजून सुटली नाही. लेक म्हणाला, बाबांना परत गेट मिळालं.

यादीच्या तळाशी आणखी एक नाव होतं. आजी. ठिपका करडा. नात म्हणाली, पुसवलं नाही मला. मलाही पुसवलं नसतं.

२ मार्च

लेक ८.५० ला बाहेर. सून ९.१०. नात ९.२५. घरी यायला सगळ्यांना सहा वाजतात. दिवसभर मी आणि टीव्ही हिरवे. दुपारी घर फार शांत असतं. नळाचा थेंब पडला तरी मी उठून बघतो. पाणी वाहून गेलं तर, शेजारी ओरडले तर.

आज नातीची चोरी पकडली. साडेअकराला ठिपका हिरवा. म्हणजे शाळा सोडून घरी येऊन गुपचूप खोलीत. दार वाजवलं. म्हणाली, आजोबा, तुम्ही यादी बघता हे विसरलेच. आईला सांगू नका म्हणाली. मी सांगितलं नाही, पण वहीत लिहिलं ते सुनेने वाचलं. रात्री जेवताना तिने मला ऐकवलं. आम्ही काय कामगार आहोत का, बाबा? मी दूध आणायला खाली गेले तेही लिहिलंत, सहा मिनिटं. एवढी हजेरी आईंची घेतली असतीत तर.

वाक्य तिथेच सोडून ती भांडी उचलायला लागली. लेकाने पाणी मागितलं.

६ मार्च

वायफाय रखडत होतं म्हणून दुरुस्तीवाल्या बाई आल्या. धिप्पाड, खांद्याला हत्यारांची पिशवी, तोंडाचा पट्टा अखंड चालू. डबी उघडली, पुसली, वायर बदलली. मग माझा फोन घेऊन घरभर फिरल्या. मी टॅब धरून हॉलमध्ये बसलो. बाथरूममध्ये गेल्यावर माझा ठिपका हिरवा, करडा, हिरवा, करडा व्हायला लागला. बाई म्हणाल्या, बोळाच्या टोकाला आहे, मध्ये दोन भिंती, वर पाण्याची टाकी. आत रेंज मिनिटभर पोचते आणि तुटते. इथे बसून कुणाला फोन लावायचा नाही, आजोबा, अर्धं बोलणं पाण्यात जाईल.

मी सहज विचारलं, कालची यादी बघता येते का. त्या म्हणाल्या, कालची काय, वर्षाची बघा. फोन निवडायचा, तारीख निवडायची, मागील नोंदी म्हणायचं. कितीला जोडला, कितीला तुटला, सगळं ओळीने येतं. बरोबर एक वर्ष राहतं. रोज नवा दिवस आला की मागचा एक पुसला जातो.

त्यांनी दोनदा करून दाखवलं. मी पायऱ्या वहीत लिहून घेतल्या. मनात हिशेब केला. ही जाऊन वर्ष व्हायला दोन आठवडे उरले होते.

७ मार्च

आज एकटाच बसून हिचे दिवस काढले. तिचं नाव, मागच्या वर्षाची ८ मार्च ही तारीख. नोंद आली. सकाळी ६.०५ ला फोन सुरू, रात्री ९.४० ला बंद. मध्ये एकदाही तुटला नाही. म्हणजे दिवसभर घरात. पुढचा दिवस, तेच. त्यापुढचा, तेच. बाकीच्यांचे येणे-जाणे, तिचं नुसतं असणं.

वेडेपणा आहे, पण जुन्या पेटीतलं लुगडं हुंगावं तसं वाटलं. ६.०५ म्हणजे उठली. पहिला चहा. मी तिकडे तेव्हा काय करत असेन. उठलोही नसेन.

रोज एक दिवस बघायचा ठरवला. दोन नाही.

११ मार्च

सून म्हणाली, अठराला माझ्या वडिलांचा वाढदिवस, दरवर्षीप्रमाणे आम्ही डोंगरावर त्यांच्या घरी जाणार, दोन रात्री. तुम्ही येता का बाबा? वरची वाट अवघड आहे. मी बघू म्हणालो.

मग खोलीत येऊन बसलो. दरवर्षीप्रमाणे. अठरा मार्च. ही वीसला सकाळी गेली. तेव्हा गेले नसतील, आजारी माणूस घरात ठेवून कोण जाईल. पण ती आजारी होती असं कुणी कधी म्हणालं नाही. अचानकच झालं म्हणाले. अचानक झालं तर तिघं जवळ कसे. माझं डोकं असंच आहे, सुताला सूत लावत बसतं.

बघायचं नाही असं ठरवलं. अठराची नोंद येत्या सतराच्या रात्रीपर्यंतच आहे. न बघितली तर पुसली जाईल. सुटलो.

१२ मार्च

बघितली.

१८ मार्च, मागचं वर्ष. बाबा ८.४० ला बाहेर. आई ८.४०. मी, म्हणजे नात, ८.४०. एकाच मिनिटाला तिघं.

परत येणं त्या दिवशी नाही. १९ ला नाही. २० मार्च, सकाळी ८.१०. तिघंही एकाच मिनिटाला. साडेआठला लेकाचा मला फोन आला होता.

आजी. १८ मार्च. सकाळी ६.०५ ला सुरू. १०.५० ला तुटला. १०.५३ ला जोडला. १०.५४ तुटला. ११.१५ जोडला. ११.१६ तुटला. पान खाली सरकवलं, आणखी खाली, ओळी संपतच नाहीत. मिनिट-मिनिटभर. १९ तारीख, दुपारी ४.०५ ला शेवटचा तुटला. मग काही नाही.

बाई माझा फोन घेऊन फिरल्या तेव्हा मी हॉलमध्ये बसून हेच पाहिलं होतं, सहा दिवसांपूर्वी, माझ्या नावापुढे. हिरवा, करडा, हिरवा, करडा. असं घरात एकाच जागी होतं.

एकोणतीस तास ती तिथे होती. लादीवर.

जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. सुनेने पाण्याचा पेला आणून दिला. तिच्या हातातून घेताना माझा हात लागला तर तिला वाटलं ताप आहे.

१४ मार्च

बाथरूम वापरवत नाही. वापरावं तर लागतंच. दाराला कडी लावत नाही.

दुपारी २.२० ला टॅबकडे नजर गेली. आजी. हिरवा.

मी उठेपर्यंत करडा झाला.

१५ मार्च

नातीला विचारलं, आजीचा फोन कुठे आहे. ती म्हणाली, तो आजीबरोबरच गेला, आजोबा. बाबांनी तिच्या हाताशी ठेवला होता, शेवटचं नेताना. मग म्हणाली, तुम्ही नीट झोपता ना?

नंतर घरात मी एकटा. १०.५३ ला हिरवा. १०.५४ ला करडा. ११.१५ ला पुन्हा हिरवा. वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नाही.

दुरुस्तीवाल्या बाईंना लावला. म्हणाल्या, तसं होत नाही, आजोबा. जुनं नाव नुसतं दिसतं, ठिपका हिरवा व्हायला फोन घरातच लागतो. घरातच कुठेतरी असेल, शोधा.

शोधला नाही. कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

१६ मार्च

आज सणाची सुट्टी. लेक घरी होता. सून आणि नात खरेदीला गेल्या, ४.१५ ला करड्या. मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, ही तुझ्या आईची हजेरी आहे. वाच.

त्याने वाचली. पुष्कळ वेळ लावला. माझं सगळं बोलून झालं. दोन घोट पाणी कुठे गेलं म्हणून विचारलं. कोण जवळ होतं म्हणून विचारलं. गेटवर खोटी हजेरी लावणाऱ्याला मी उभ्या जागी घरी पाठवायचो, हेही म्हणालो. मला थांबता येईना.

मग तो बोलला. आवाज चढवला नाही.

“बाबा, तिने आम्हाला सात वेळा लावला. वर डोंगरात रेंज नव्हती. आमच्याकडे घंटाच वाजली नाही. तिचा फोन मी तिला नेताना गाडीत चार्ज करून पाहिलाय. तुम्हाला तिने अकरा वेळा लावला होता. तुमच्याकडे घंटा गेली होती.”

मी म्हणालो, माझा फोन बंद होता.

“तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. म्हणून तर पाण्याचं सांगितलं. तुम्हाला जगता यावं म्हणून. आता तुम्हीच खोदून काढलंत, बसा घेऊन.”

आणि उठून गेला. ५.०२ ला करडा.

१६ मार्च, पुन्हा

वहीत तरी खरं लिहावं.

फोन बंद नव्हता. मी ओट्यावर बसलो होतो, फोन समोर टेबलावर. तिचं नाव दिसलं. त्या आठवड्यात आमचं भांडण झालं होतं. ती म्हणाली होती, तुम्ही येत नसाल तर मी कायमची इथेच राहते. मी म्हटलं होतं, राहा. तेव्हा घंटा वाजली आणि मला बरं वाटलं. आली वळणावर. मी फोन पालथा ठेवला. मनात म्हटलं, वाजू दे. बसू दे जरा ताटकळत.

एकदा वाजून थांबायचा. तासा-दोन तासांनी पुन्हा. दोन दिवस मी ते ऐकत होतो. मला वाटलं, किती मस्का मारते आहे.

प्रत्येक वेळी तिचा ठिपका हिरवा झाला असणार, तेव्हा ती घंटा.

१७ मार्च

लेक बोलत नाही. सून बोलते, पण दुसऱ्याच्या पाहुण्याशी बोलावं तशी. उद्या सकाळी निघतो म्हणाली. येता का हे पुन्हा विचारलं नाही. शेजारच्या बाईंना अधूनमधून डोकावायला सांगते म्हणाली. मी म्हटलं, काही नको, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ती म्हणाली, बरं.

नात झोपायच्या आधी खोलीत आली. म्हणाली, बाबा रागात आहेत, वरच्या घरी आता बाबांच्या फोनला तेवढी रेंज येते, नवा टॉवर झालाय, काही लागलं तर बाबांनाच लावा, मी माझा फोन आईकडे देऊन ठेवलाय, परीक्षा आहे ना. मी म्हटलं, लावीन.

आज दिवसभर आजी हिरवी, करडी. मी बघत बसलो. एकदा माझा फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव. हात पोचेपर्यंत थांबला.

उद्या वाजला तर उचलायचा. एवढंच ठरवलं आहे. एवढ्यासाठीच राहतो आहे.

१८ मार्च

८.४० — तिघंही करडे. एकाच मिनिटाला.

९.३० — गॅस बंद. दार बंद. टॅब समोर, फोन हातात. मागील नोंदी उघडून पाहिल्या. मागच्या वर्षाचा अठरा मार्च पुसला गेला. कोरं पान. आता माझ्या वहीशिवाय ते कुठेच नाही.

१०.५३ — आजी हिरवी. फोन वाजला. उचलला. कानाला लावला. पाण्याचा आवाज. थेंब थेंब. मी म्हटलं, बोल गं. तुटला.

११.१५ — पुन्हा. पाणी. श्वास. तुटला.

११.४० — पुन्हा. या वेळी बोलली. घरात हाक मारायची तशीच, काही विशेष नसल्यासारखी —

“अहो, इकडे या जरा.”

तुटला.

११.४२ — पाण्याचा आवाज फोनात नाही आता. बोळात आहे. बाथरूमचं दार मी उघडं ठेवलं होतं. ते लोटलेलं आहे.

११.५० — जावं लागेल. मागच्या वेळी मी बसून राहिलो —

१२.२० — पडलो. लादी ओली. आत कुणी नाही. नळ बंद आहे. खुब्यात काहीतरी मोडलं, पाय हलत नाही. वही खिशात होती, पेन्सिल होती. फोन पण आहे, फुटला नाही. बरं झालं.

१२.३० — लेकाला लावला. जोडणीच नाही.

१२.४१ — आली. लागेपर्यंत गेली.

१.०५ — ओरडलो. घसा बसला. शेजारच्या बाईंना मीच नको म्हटलं —

१.२० — जोडणी आली. घंटा गेली. त्याच्याकडे रेंज आहे. घंटा पूर्ण वाजली, थांबली. तुटला.

१.४४ — पुन्हा घंटा. उचलत नाही.

२.१० — टॅब दारातून दिसतो, हॉलमध्ये टेबलावर उभा. आजोबा, करडा, हिरवा, करडा. तिचा ठिपका आता हलत नाही. एकसारखा हिरवा. हॉलमध्ये आहे ती. माझ्या खुर्चीशी. बघते आहे —

२.३५ — घंटा. थांबली.

मला माहीत आहे तो काय करतो आहे. चारचौघांत बसला असेल. नाव दिसलं असेल. म्हणत असेल, आला वळणावर —

३ वाजून काही — अक्षर नीट येत नाही. लाद्या फार गार —

हिरवा. लागला. घंटा जाते आहे. उचल बाळा. मी भांडायला नाही लावला. मी फक्त —